आधी बॅट बघ, मग सही

अगं, पैसे पाठवले नाहीस ना अजून? नसतील पाठवले तर आधी एक कप चहा टाक आणि हे सगळं निवांत वाच. पाठवले असतील तरी वाच. तसं झालं असेल तर काय करायचं तेही पुढे सांगते.

तू धाडलेले फोटो मी काल रात्री मोठे करकरून पाहिले. बाबांच्या पंच्याहत्तरीला एकाहत्तरच्या संघाच्या सह्यांची बॅट द्यायची, ही तुझी कल्पना मला इतकी आवडली की क्षणभर वाटलं, कशाला मोडता घालायचा? त्या संघावर बाबांचा किती जीव आहे, हे मी तुला सांगायला नको. ओव्हलवर आपण जिंकलो तो दिवस २४ ऑगस्ट १९७१, त्यात गणेश चतुर्थी, आणि त्या मॅचला कुणीतरी बेला नावाची हत्तीण मैदानावर आणलेली. दरवर्षी मोदकांबरोबर ही हत्तीण आपल्या ताटात वाढली गेलीय. पण म्हणूनच सांगते. संघ त्यांना तोंडपाठ आहे. बॅट खोटी असेल तर ती आधी त्यांनाच कळेल, आणि तुझं मन मोडू नये म्हणून ते कुणाला काही बोलणार नाहीत. बैठकीच्या खोलीत बॅट टांगतील आणि येणाऱ्या प्रत्येक मित्रासमोर गप्प बसतील. मला ते नकोय.

तू विचारलंस, "ताई, तू बँकेत इतकी वर्षं सह्या तपासल्यास, बघ ना, गावसकरची सही खरी वाटते का?" आता माझं ऐक. सुरुवातच तिथून करायची नसते. गावसकरांची सही इंटरनेटवर शेकड्यांनी सापडते. तुला सापडते तशी ती नकली सही करणाऱ्यालाही सापडते. तो आठवडाभर तीच गिरवत बसलेला असतो, आणि तू ती दोन मिनिटं बघणार. त्या खेळात तो तुझ्यापेक्षा पुढेच असणार. तो कच्चा असतो तो इतर बाबतीत. बॅट कुठली, कधीची, शाई कुठली, बरोबर कोण होतं, नंतर ती कुणाकुणाकडे होती, याचा अभ्यास करायला त्याला वेळ नसतो. म्हणून सही सगळ्यात शेवटी बघायची. ती सही तिथे असूच शकते का, हे आधी बघायचं.

बॅट विकणाऱ्या तुझ्या त्या माणसानं लिहिलंय, "१९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात संघानं सह्या केलेली बॅट, आजोबांच्या संग्रहातून." ठीक. फोटोत वाचता आलेल्या नावांपैकी ही तीन बघ: फारुख इंजिनीअर, चंद्रशेखर आणि सलीम दुराणी. आता गंमत बघ. इंजिनीअर त्या दौऱ्यावर गेलेच नव्हते, यष्टिरक्षणाला कृष्णमूर्ती होते. चंद्रशेखरही नव्हते. हे दोघं आले ते उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यात. दुराणी मात्र वेस्ट इंडीजला होते, पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी लॉइड आणि सोबर्सना उडवलं ते बाबा अजून हात फिरवून दाखवतात. पण इंग्लंडच्या संघात दुराणी नव्हते. म्हणजे हे तिघं त्या वर्षीच्या एकाही दौऱ्यावर एकत्र नव्हते.

लगेच "खोटी!" म्हणून ओरडू नकोस. एखाद्या सत्काराला, एखाद्या बेनिफिट मॅचला, पुढे कधीतरी हे सगळे एकत्र आले असतील आणि तेव्हा सह्या झाल्या असतील, हे होऊ शकतं. पण मग त्याची गोष्ट बदलते. "दौऱ्यात झालेल्या सह्या" राहत नाहीत, आणि किंमतही ती राहत नाही. तू त्याला नुसतं विचार, "इंजिनीअरनी ही सही कुठे केली?" खऱ्या संग्राहकाच्या नातवाला बहुतेक वेळा हे माहीत नसतं आणि तो तसं सरळ सांगतो. "आजोबांनी लिहून ठेवलेलं नाही, मला खरंच कल्पना नाही," असं उत्तर आलं तर मी त्याच्यावर जरा जास्त विश्वास ठेवेन. तुझा माणूस मात्र ताबडतोब एक नवी गोष्ट सांगेल, बघच तू.

अशी नावांची फळी लावून बघणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. तुझा नवरा २०११च्या विश्वचषकाची बॅट बघत होता म्हणालीस ना? त्याला सांग, आधी त्यावर रोहित शर्माची सही आहे का ते बघ. असेल तर फोन ठेवून दे. रोहित त्या संघात नव्हता. ८३च्या संघाचंही तेच. संघ चौदा जणांचा होता, आणि त्यात सुनील वॉल्सन एकही सामना खेळला नाही, त्यामुळे नकली करणारे त्याला हमखास विसरतात. आणि ८३चा विश्वचषक आपण पांढऱ्या कपड्यांत, लाल चेंडूनं खेळलो. रंगीत कपडे आणि पांढरा चेंडू विश्वचषकात आले ते १९९२ला. तरी "फायनलचा पांढरा चेंडू, कपिलच्या सहीसह" विकणारे लोक आहेत आणि घेणारेही आहेत.

निळ्या जर्सीवर कपिलनं पुढे कधी सही केली असेल तर ती सही खरीच. पण "फायनलची जर्सी" ही गोष्ट खोटी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायला शीक. कधी सही खरी आणि गोष्ट खोटी असते, कधी गोष्ट खरी आणि सही खोटी असते. विकणारा दोन्हींची एकच किंमत लावतो.

आता बॅट. तुझ्याकडे मागच्या बाजूचा फोटो नाही, कडेचा नाही, मुठीचा नाही. सगळे फोटो समोरून, सह्यांचेच. हे मला सगळ्यात खटकलं. एकाहत्तर सालच्या बॅटींच्या कडा बारीक असायच्या. आजच्यासारख्या जाडजूड कडा तेव्हा नव्हत्या. त्या कडा पुढे इतक्या वाढत गेल्या की २०१७ला नियम करून त्या ४० मिलिमीटरवर अडवाव्या लागल्या. मागची बाजू खोलगट खरवडलेली असेल, ज्याला 'स्कूप' म्हणतात, तर सावध हो, कारण ग्रे-निकल्सची ती प्रसिद्ध बॅट १९७४ला बाजारात आली. हे काही फार मोठं ज्ञान नाही. बाबांच्या कपाटात जुन्या क्रीडा मासिकांचे गठ्ठे आहेत, त्यातल्या फोटोंत बॅटी नीट दिसतात. त्यांच्या शेजारी तुझा फोटो धरून बघ.

सचिनच्या बाबतीत तर हे आणखी सोपं. १९९०ला ओल्ड ट्रॅफर्डवर त्यानं पहिलं कसोटी शतक केलं, "ती बॅट" म्हणून एमआरएफचं स्टिकर लावलेली बॅट कुणी दाखवली तर हसून पुढे जा. १९९६च्या विश्वचषकातसुद्धा त्याच्या बॅटवर कुणाचंच स्टिकर नव्हतं, एमआरएफ त्यानंतर आलं.

शाईबद्दल थोडं जास्त बोलते, कारण इथे फार लोक फसतात. तुझ्या फोटोतल्या सगळ्या सह्या जाड, काळ्याभोर, एकाच मार्करनं केलेल्या आहेत. फायबरच्या टोकाचं पेन जपानमध्ये निघालं १९६२च्या सुमारास, शार्पी मार्कर अमेरिकेत आला १९६४ला. म्हणजे १९७१ला मार्कर जगात होता. पण त्या काळी खेळाडूंच्या खिशात सहसा काय असायचं? शाईपेन नाहीतर बॉलपेन. विलोचं लाकूड मऊ असतं. बॉलपेननं त्यावर सही केली की अगदी बारीक खाच पडते. प्रकाश तिरपा टाकला की ती दिसते. शाई फिकी झाली तरी खाच राहते. म्हणून त्या माणसाकडून आणखी एक फोटो माग: खोलीतले दिवे बंद, आणि बाजूनं, अगदी बॅटीला चिकटवून, मोबाइलचा टॉर्च. तो नाही म्हणाला तर कारण विचार.

जुन्या बॅटीला जवसाचं तेल पाजलेलं असतं. त्यावर शाईपेननं लिहिलं की शाई लाकडाच्या रेषांवरून जराशी पसरते. पन्नास वर्षांत ती फिकी होते, तपकिरी पडते, कुठे घासून जाते. बॅट काळवंडलेली आणि सह्या मात्र काल केल्यासारख्या टवटवीत, असं दिसलं तर थांबायचं.

आता या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडणारी तपासणी. जुन्या बॅटीला बारीक चिरा पडतात. एखादी चीर सहीमधून गेलीय का बघ. सही आधीची असेल तर चीर सहीला कापत जाते, शाईच्या दोन कडा स्वच्छ तुटलेल्या दिसतात. चीर आधीची आणि सही नंतरची असेल तर शाई चिरेत उतरते, तिथे काळपट फुगवटा येतो. कागदाचंही तसंच. जुनी घडी पडलेल्या कागदावर मागाहून सही केली की घडीवर शाई फुटते. घडीवर कागदाचे तंतू मोडलेले असतात, ते शाई ओढून घेतात. यासाठी तज्ज्ञ लागत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. सोनाराकडे असतं तसलं. मी माझं तुला कुरिअरनं पाठवते.

कागद असेल तर जांभळा अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही उपयोगी पडतो, ज्यानं दुकानदार नोटा तपासतात तोच. साधारण १९५०नंतरच्या कागदात पांढरेपणा वाढवायला जी रसायनं घालू लागले, ती त्या उजेडात निळसर चमकतात. म्हणजे "रणजींची सही" म्हणून दाखवलेला कागद लख्ख उजळला तर विषय संपला. रणजी १९३३ला गेले. उलट मात्र खरं मानू नकोस. जुना कोरा कागद मिळवणं काही अवघड नाही. जुन्या पुस्तकांची मागची कोरी पानं फाडून विकणारे आहेत.

माणूस कधी गेला हे तर नेहमी आधी बघायचं. डॉन ब्रॅडमन २००१पर्यंत होते आणि चाहत्यांच्या पत्रांना मनापासून उत्तरं द्यायचे, त्यामुळे त्यांच्या सह्या जगात पुष्कळ आहेत आणि म्हातारपणी मार्करनं केलेल्याही असू शकतात. आपले प्रा. दि. ब. देवधर तर शंभरी ओलांडून १९९३पर्यंत होते. पण सी. के. नायडू १९६७ला गेले. त्यांची सही आजच्या चकचकीत रंगीत प्रिंटवर कशी येईल? तुझ्या बॅटीवरचे वाडेकर, सरदेसाई, सोलकर, बेदी, दुराणी आता नाहीत. म्हणून "सगळ्यांच्या नव्यानं सह्या घेऊन दिल्या" असं कुणी म्हणालं तर ते निकालात काढ.

बरं, आता येऊ सहीवर. बँकेत मी चेक पास करायला बसायचे तेव्हा शेजारी नमुना सह्यांची कार्डं असायची. बाहेरच्यांना वाटतं, सही जुळवणं म्हणजे दोन चित्रं जुळवणं. तसं नसतं गं. एकाच माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. घाईतली वेगळी, बसून केलेली वेगळी, आजारपणातली वेगळी. आमचे एक जुने साहेब सही अगदी हुबेहूब जुळली की जास्त वेळ बघायचे. एकीवर एक ठेवली आणि केसाचाही फरक नाही, तर एक तर ती गिरवलेली असते किंवा यंत्राची. 'ऑटोपेन' नावाचं यंत्र अमेरिकेत कित्येक दशकं आहे, ते खरं पेन धरून सही काढतं. शाई खरी, कागद खरा, फक्त माणूस तिथे नसतो.

म्हणून आकार बघू नकोस, हात बघ. रोज सही करणारा माणूस न बघता करतो. पेन टेकायच्या आधीच हात हलायला लागलेला असतो, आणि उचलल्यावरही हलत राहतो. त्यामुळे रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. खाली येताना दाब जास्त, वर जाताना कमी. नक्कल करणारा बघून बघून काढतो. त्याची रेघ सावकाश, एकसारख्या जाडीची, शेवटाला बोथट. मध्येच पेन उचलून पुन्हा ठेवल्याच्या खुणा असतात. वळणावर बारीकशी थरथर असते. म्हातारपणीची थरथर वेगळी, ती सगळीकडे असते. नकलेची थरथर अवघड जागीच येते.

एक युक्ती सांगते, आमच्याकडे जुने लोक करायचे. फोटो उलटा कर, डोकं खाली पाय वर. नाव वाचता येईनासं झालं की मेंदू ते वाचायचं सोडतो आणि रेघा बघायला लागतो. कुठे अडखळली, कुठे जोडली, उंचीचं प्रमाण कसं आहे, ते लगेच दिसतं. मी तुझ्या बॅटीचे फोटो उलटे करून पाहिले. सह्या वेगवेगळ्या लोकांच्या आहेत, पण सगळ्यांचा श्वास एक आहे. बेदींची आणि विश्वनाथांची शेवटची रेघ एकाच ठिकाणी, एकाच सवयीनं थांबते. नावांमधलं अंतरही सारखं. खऱ्या संघाच्या बॅटीवर अशी शिस्त नसते. कुणी मोठी सही करून जागा अडवतो, कुणी कोपऱ्यात कोंबतो, कुणी तिरकी करतो. हॉटेलात बॅटी फिरत असतात, कुणी उभ्याउभ्या करतो, कुणी मांडीवर घेऊन.

आणि हे मी तुला कानात सांगते. खऱ्या संघाच्या, खऱ्या बॅटीवरसुद्धा एखादी सही खोटी असू शकते. सह्यांचा ढीग समोर पडला की गैरहजर मित्राची सही दुसऱ्यानंच ठोकून द्यायची, ही क्रिकेटमधली जुनी खोडी आहे. ती सही त्याच दिवशीची, त्याच ड्रेसिंग रूममधली, त्याच शाईची. फक्त हात दुसऱ्याचा. अशा वेळी कोण काय म्हणणार? मी स्वतः अशी बॅट आनंदानं घेईन.

सचिनची सही बघताना एवढं लक्षात ठेव की तो फलंदाजी उजव्या हातानं करतो पण लिहितो डाव्या हातानं. डावरे बरेचदा आडवी रेघ उजवीकडून डावीकडे ओढतात. निमुळतं टोक कुठल्या बाजूला आहे, दाब कुठे आहे, यावरून रेघ कुठून कुठे गेली ते भिंगाखाली कळू शकतं. हा काही पुरावा नव्हे. पण नक्कल करणाऱ्यांत उजव्या हाताचेच जास्त, आणि एवढा विचार फार थोडे करतात.

छापील सह्यांबद्दल दोनच वाक्यं. छोट्या शोभेच्या बॅटी, पोस्टर, संघाचे फोटो यांवर सह्या छापलेल्या असतात आणि काही लोक त्या खऱ्या म्हणून खपवतात. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाई दाट होत नाही. रबरी शिक्क्याची शाई कडेला जमते. झालं.

आता त्या सर्टिफिकेटकडे ये, ज्याच्यावर तुझा इतका भरवसा आहे. चकचकीत कागद, सोनेरी किनार, कोपऱ्यात होलोग्राम. कुणी दिलंय बघितलंस? त्यानंच दिलंय. विकणाऱ्यानंच स्वतःच्या मालाला "हा माल खरा आहे" असं लिहून दिलंय. होलोग्रामची गुंडाळी बाजारात मिळते गं, शिलाईच्या दोऱ्यासारखी. सर्टिफिकेट हातात आलं की एकच प्रश्न विचारायचा: सही करताना यानं पाहिलं, की याला नुसतं वाटतं?

अमेरिकेत नव्वदच्या दशकात एफबीआयनं सॅन दिएगोपासून सुरू करून एक मोठी टोळी पकडली, 'ऑपरेशन बुलपेन' म्हणून ते प्रकरण प्रसिद्ध आहे. बेसबॉलपटू टोनी ग्विन यानं आपल्याच संघाच्या दुकानात आपल्याच नावाच्या नकली सह्या विकायला ठेवलेल्या पाहिल्या होत्या. त्या टोळीकडे सर्टिफिकेटांची ददात नव्हती, हवी तेवढी होती. आणि कहर म्हणजे जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल निघाले. मदर तेरेसा कधी, कुठे, कशाला बेसबॉलवर सही करतील, हा प्रश्न घेणाऱ्यांना पडला नसता म्हणूनच तर केले असतील ना ते!

त्यानंतर तिथल्या मेजर लीग बेसबॉलनं २००१ला जी पद्धत सुरू केली ती मला पटते. सही होताना त्यांचा माणूस समोर उभा असतो, तिथल्या तिथे क्रमांक असलेला होलोग्राम लागतो आणि तो क्रमांक कुणालाही तपासता येतो. पीएसए, जेएसए, बेकेट या खासगी कंपन्या वेगळ्या. त्यांच्याकडे गेलेल्या बहुतेक वस्तूंची सही होताना त्यांनी पाहिलेली नसते, त्यांच्याजवळच्या नमुन्यांशी ताडून ते मत देतात. मत चांगलं असतं, पण ते मत. अमेरिकन खेळांचे नमुने त्यांच्याकडे ढिगानं. सोलकर-सरदेसाईंचे किती असतील, याचा तूच विचार कर. आणि त्यांचीही नकली स्टिकरं निघतात, म्हणून क्रमांक त्यांच्याच संकेतस्थळावर, स्वतः टाइप करून बघायचा. विकणाऱ्यानं पाठवलेल्या लिंकवर नव्हे.

सर्टिफिकेटापेक्षा मला एखादा भिकारडा कागद जास्त आवडतो. संग्राहक आजोबा होते ना? मग आजोबांचा बॅटीसोबतचा फोटो कुठे आहे? जुना, कृष्णधवल, कोपरे दुमडलेला? एखादं पत्र, दौऱ्याची पुस्तिका, सामन्याचं तिकीट? संग्रह करणारे लोक एकच गोष्ट जपत नाहीत. खऱ्या संग्रहात एका बॅटीच्या आजूबाजूला चार निरुपयोगी वस्तू सापडतातच. आणि विकणाऱ्याकडे बाकी काय काय आहे बघ. त्याच्याकडे ब्रॅडमन, पेले, मुहम्मद अली, सचिन, ध्यानचंद, सगळेच आहेत आणि सगळेच एकाच काळ्या मार्करनं, तर आजोबा फारच फिरस्ते होते म्हणायचे.

किंमतही बोलते. खरी असती तर ही बॅट त्यानं तुला या पैशात दिली नसती. ज्याच्याकडे पूर्ण संघाची, कागदपत्रांसह खरी बॅट आहे तो ती एखाद्या लिलावात ठेवेल. "घरात अडचण आहे म्हणून कमीत देतोय", "अजून दोन गिऱ्हाइकं थांबलीत, रात्रीपर्यंत सांगा", ही दोन वाक्यं एकत्र आली की मी पर्स बंद करते. घाई त्याला आहे, तुला नाही. बाबांची पंच्याहत्तरी अजून लांब आहे.

पैसे गेले असतील तर लाजू नकोस आणि लपवू नकोस. त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं, जाहिरात, व्यवहाराचा क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेव, कारण भांडण सुरू झालं की जाहिरात गायब होते. मग बँकेला कळव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर. जितक्या लवकर, तितके पैसे अडवायची शक्यता जास्त. हे मी बँकेतल्या अनुभवावरून सांगते.

नसतील गेले तर माझ्या मनात दुसरंच आहे. पूर्ण संघाचा हट्ट सोड. बाबांना कोण सगळ्यात आवडायचं? गावसकरांनी वेस्ट इंडीजला चार कसोटींत ७७४ धावा केल्या, ते सगळ्या जगाला आठवतं. पण बाबा नेहमी मडगावच्या सरदेसाईंच्या ६४२ काढतात आणि वर म्हणतात, "लोक विसरले." सरदेसाईंची साध्या वहीच्या पानावरची, शाईपेननं केलेली एकुलती एक सही शोधू. किंवा वाडेकरांची. ते स्टेट बँकेत होते, मुंबईत त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं आहेत, माझ्या ओळखीतूनही विचारता येईल. नाहीतर गावसकरांचं १९७६चं 'सनी डेज' हे आत्मचरित्र, त्यांच्या सहीचं. अशा लहान वस्तूंत फार पैसा नसतो, म्हणून नकली करणारे सहसा तिकडे वळत नाहीत. शिवाय सह्या घेणारा माणूस बऱ्याचदा अजून हयात असतो आणि "कुठे घेतलीत?" विचारलं की तासभर बोलतो. ते बोलणं बाबांना बॅटीपेक्षा जास्त आवडेल, मला तर खात्री आहे.

आणि डोळा तयार करायचा असेल तर पुण्यात सहकारनगरला 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' संग्रहालय आहे, सचिननंच २०१२ला उद्घाटन केलेलं. तिथे सह्या केलेल्या बॅटी ओळीनं लावलेल्या आहेत. पुढच्या खेपेला आलीस की बाबांनाही नेऊ, त्यांना कारण सांगायचं नाही. तू मात्र सह्या वाचत बसू नकोस. कोण कुठे सही करतं, शाई कशी उतरलीय, कडा किती जाड आहेत, ते बघत राहा.

सध्या त्या माणसाला एवढंच लिही: "मागची बाजू, कडा, मूठ आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडातला फोटो हवा. इंजिनीअर आणि दुराणी दोघांनी ही बॅट एकत्र कधी पाहिली ते कळवा. तज्ज्ञाला दाखवून मग पैसे, आणि नाही पटली तर परत, हे लेखी हवं." यापेक्षा एक शब्द जास्त नको, "माफ करा हं, त्रास देते" तर मुळीच नको. उत्तर आलं की मला पाठव.